थडग्यांवरचं माहेर

सकाळपासून तळ्यावरून दमट, गरम वारा सुटला होता. असल्या हवेत मासा टिकत नाही, म्हणून शप्पीराचे हात भराभर चालले होते. पोट फाडायचं, मीठ चोळायचं, रांजणात थर लावायचा. मी तिची शेजारीण. मांजरं हाकलायचं काम माझं. तेवढ्यात डोंगरातला खेचरवाला दाराबाहेर थांबला. शप्पीराच्या लेकीचे, तिर्साचे दिवस भरलेत, पहिली खेप आहे, आई हवी म्हणतेय, असा निरोप त्यानं दिला. आत मात्र आला नाही. पाणीही घेतलं नाही.

आत कोण येणार? आमच्या राजानं रोमच्या सम्राटाच्या, कैसरच्या नावानं हे शहर वसवलं, ते जुन्या थडग्यांवर. मेलेल्याचा विटाळ जमिनीतून वर येतो, म्हणून देवधर्म पाळणारं माणूस इथल्या घरात पाऊल टाकत नाही. मग राजानं आमच्यासारखी थारा नसलेली माणसं गोळा केली आणि फुकट घरं दिली. अट एकच, घर सोडून राहायचं नाही. राजा कैसरला विचारल्याशिवाय शिंकत नाही म्हणतात. आम्ही शिंकलो तर त्याचा कारभारी बघायला येतो.

शप्पीराचा जन्म दुसऱ्यांच्या गोठ्यात गेला. नवरा वारला तसं मालकानं तिला पोरीसकट बाहेर काढलं. हे घर मिळालं तेव्हा चुलीसाठी खणताना कवटी लागली. मी म्हटलं, "अगं, कुणाचं तरी डोकं आहे हे." ती म्हणाली, "असू दे. ते काही बोलत नाही. माझ्या पोरीला माहेर पाहिजे."

आणि पोर लग्न होऊन पडली याजकाच्या, देवळातल्या पुजाऱ्याच्या घरात. तिला इथं येता येईना, आणि आईला तिथं जायचं तर आधी गावाबाहेर राहून, विटाळ फेडायला तिसऱ्या नि सातव्या दिवशी तांबड्या गायीच्या राखेचं पाणी अंगावर घ्यायचं, मगच उंबरठा.

शप्पीरा गेली. तिची चूल मी पेटवत होते, धूर दिसावा म्हणून. विहिणीनं तिला खळ्यावरच्या झोपडीत ठेवलं. पहिलं शिंपण झालं, आणि इकडे कारभारी आला. ती तळ्यावर गेलीय, असं मी आदल्या दिवशीसारखंच ठोकून दिलं.

"रोज तळ्यावर?" तो हसला. "उद्या सकाळी परत येतो. बाई दिसली नाही तर या घरासाठी दुसरं माणूस उभंच आहे."

मी खेचरवाल्याला पिटाळलं. पुढचं शप्पीरानंच मला सांगितलं. निरोप पोचला तेव्हा तिर्साला कळा सुरू झाल्या होत्या. शप्पीरा दारापर्यंत धावली, आत्ताच आत घ्या म्हणून विहिणीच्या विनवण्या केल्या. विहीण वाईट बाई नाही, पण दारातून हलली नाही.

"विहीणबाई, शिंपण पुरं होऊ द्या. घरात याजकांच्या वाट्याचं तेल आहे, मडकी आहेत. तुमचा हात लागला की सगळं गेलं."

आतून तिर्सानं आईला हाक मारली, "इम्मा, बाहेर आहेस ना?"

"आहे गं," शप्पीरा म्हणाली. थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग चपला हातात घेऊन, आवाज न करता उतार उतरू लागली.

पहाटे पोचली. कारभाऱ्यानं तिला दारात बघितलं, मान हलवली आणि पुढच्या घराकडं वळला.

दुपारी खेचरवाला आला. मुलगा झाला, दोघं बरी आहेत. तिर्सा रात्रभर आईबद्दल विचारत होती, आणि विहीण प्रत्येक वेळी "बसलीय बाहेर" म्हणून सांगत होती. उजाडल्यावर तिर्सानं बाळ खिडकीशी धरायला लावलं, आजीनं बघावं म्हणून. बाहेर कुणीच नव्हतं.

"मग?" शप्पीरानं विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "तिर्सा म्हणाली, इम्माला सांगा, तुझं घर नीट सांभाळ."

मीच काहीतरी बोलायचं म्हणून बाळ कुणासारखं दिसतं ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तो गेल्यावर तिनं जात्याखालचं फडकं झटकलं, मूठभर जव ओतले आणि खुंटा धरला.