कावळा कुणाच्या शब्दावर आला

आईच्या दहाव्याला जाताना माझ्या पर्समध्ये एक कागद होता. त्यावर सात ओळी होत्या. आईचा जीव कशाकशात अडकलेला असू शकतो, त्याची ती यादी. पिंडाला कावळा शिवला नाही तर घरच्यांनी गेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, आणि नेमकं तेव्हा कुणाला काही आठवत नाही, हे मी दोन-तीन दहाव्यांना पाहिलं होतं. मी नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. ऐनवेळी शोधाशोध मला चालत नाही. म्हणून लिहूनच नेलं.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सीना नदीच्या बाजूला. नदीकाठी पिंड मांडून आम्ही मागं सरलो. समोरच्या बाभळीवर पाच कावळे बसले होते. एकही हलेना. धाकट्या भावानं हात जोडले आणि माझ्या कागदावरचं एकेक म्हणायला सुरुवात केली. शेळ्या विकणार नाही. दारातली तुळस वाळू देणार नाही. शेजारच्या काकूंचं मोठं पातेलं आपल्याकडेच राहिलंय, ते आजच पोचतं करतो. पातेल्याला मागून कुणीतरी फिसकन हसलं. सातवी ओळ संपली, ऊन चढलं, कावळे आपले पंख साफ करत बसलेले.

शेवटी आत्या, म्हणजे आमच्या वडिलांची, आबांची धाकटी बहीण, वैतागली. "आरं, तिचा जीव या म्हाताऱ्यात हाय. शेळ्या-पातेल्याचं काय सांगत बसलाय तिला?"

ती ओळ यादीत नव्हती, कारण आईमागं वडिलांचं काय करायचं हे आम्ही भावंडांनी ठरवलंच नव्हतं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि उभ्या जन्मात त्यांनी स्वतःचा चहासुद्धा केलेला नाही. भाऊ पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. मी पुढं झाले आणि सगळ्या भावकीदेखत म्हणाले, "आई, आबांना मी नगरला नेते. माझ्याजवळच ठेवते. तू काळजी करू नकोस."

एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून जवळ आला आणि भाताला चोच लावून गेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाप्यांनी चपला शोधल्या. तसा माझा कावळ्यांवर फार विश्वास आहे असं नाही. पण तो माझ्या शब्दावर उतरताना मी डोळ्यांनी पाहिला होता.

चौथ्या दिवशी आबा आपली पिशवी घेऊन नगरात सावेडीला आमच्या घरी आले. मी तयारीत होते. फ्रिजवर वेळापत्रक लावलं: सहाला उठणं, साडेसहाला फिरणं, आठला नाश्ता, नंतर बीपीची गोळी, दहाला पेपर, दुपारी झोप फक्त अर्धा तास, पाचला बागेत ज्येष्ठ मंडळींचा गट. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, रात्रीचा छोटा दिवा लावला, चपला न घसरणाऱ्या आणल्या. आबांनी एकदाही कुरकुर केली नाही. कारखान्यात नवा लागलेला कामगारसुद्धा इतकं ऐकत नाही. बागेतल्या गटात हसण्याचा व्यायाम असतो. पहिल्या दिवशी ते परत आले तेव्हा मी विचारलं, "मग, हसलात का?"

"हसलो की. तीनदा. त्यांनी सांगितलं तेवढं."

वेळापत्रकाबाहेर त्यांनी एकच गोष्ट केली. सोसायटीच्या बागेत शोभेच्या झाडांमधली जागा उकरून त्यांनी मेथी लावली. ती वीतभर वाढल्यावर वॉचमन तक्रार घेऊन आला. "काका, इथं फक्त शोभेची झाडं लावतात."

"मग ही काय वंगाळ दिसतीया?" आबा म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मुकाट उपटली आणि जुडी बांधून वॉचमनलाच दिली.

तीन महिन्यांत सदरे त्यांच्या अंगावर झोळीसारखे लोंबायला लागले. जेवायचे सगळं, पण घड्याळाकडं बघून. बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई'वर आलं. स्वतःच्याच खोलीत शिरताना ते दारावर टकटक करायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा यांचं बीपी चांगलं आहे." माझ्या वहीत प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण होती आणि माणूस मात्र दर आठवड्याला थोडा कमी होत होता. हे असंच चाललं तर वर्षश्राद्धाला आईच्या शेजारी त्यांचाही फोटो ठेवावा लागेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी सरळ विचारलं, "आबा, गावाला जायचंय का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"तू तिला शब्द दिलायस, बाई. ती ऐकून गेली. आता त्यात माझं काय?"

जिवंत माणसाला दिलेला शब्द बदलायचा तर त्याला फोन तरी करता येतो.

चौथ्या महिन्यात आत्या मोतीबिंदूसाठी नगरला आली आणि आमच्याकडेच उतरली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, पण दुसऱ्यानं तिला पुरेसं दिसलं. संध्याकाळी आबा बागेतून येऊन खुर्चीत बसले तशी ती माझ्यावरच घसरली. "काय गं, उपाशी ठेवती का काय माझ्या भावाला?"

मी वही दाखवली. तिनं ती बघितलीसुद्धा नाही. मग मी तिला दहाव्याची आठवण करून दिली. कावळा माझ्या शब्दावर आला, आता मी आबांना परत कसं पाठवणार?

"तुझ्या शब्दावर?" आत्या आबांकडं वळली. "दादा, तू काय बोललास ते पोरीला सांगितलं न्हाईस व्हय?"

आबा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"मी याच्या शेजारीच हुते ना," आत्या म्हणाली. "तू तिकडं पुढं मोठ्यानं बोलत हुतीस तवाच हा इकडं पुटपुटला. म्हनला, 'जा आता. भाकरी शिकतो मी करायला.' अन् कावळा उतरला! तिला रात्रंदिस तेवढाच घोर हुता. म्हनायची, मी मागं राहिले तर ठीक, हे राहिले तर खातील काय. हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

मी आबांना म्हटलं, "चार महिने सांगायला काय झालं होतं?"

"एवढ्या भावकीत तू बोललीस. लेकीचा शब्द खाली कसा पाडायचा?" मग ते म्हणाले, "अन् भाकरी मला कुठं येतीया?"

मी आत जाऊन चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून विचार केला. एका वेळी दोन शब्द गेले होते. कावळा कुठल्या शब्दावर उतरला, हे त्याला विचारता येत नाही. म्हणजे दोन्ही पाळायचे. आबांचा शब्द पुरा होईपर्यंत माझा चालू ठेवायचा, भाकरी जमली की त्यांना घरी पोचवायचं. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत माझ्याजवळ निर्णयही होता आणि यादीही: पाणी कोमट करणं, पीठ मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, उलटणं, फुगवणं.

दुसऱ्या दिवशी बागेतला हसण्याचा गट बंद आणि पाचला भाकरी सुरू. पहिली परातीलाच चिकटली. दुसरीचे तव्यावर जाताना तीन तुकडे झाले. आबांच्या मिशीला पीठ, ओट्याला पीठ, माझ्या यादीवर पीठ. "गोल का होत नाही ही?" असं ते रोज विचारायचे, जसं काही ज्वारीचंच चुकतंय. आमचे हे करपलेल्या भाकऱ्या न बोलता आमटीत कुस्करून खात होते. आठव्या दिवशी मात्र म्हणाले, "आबा, आज कडेनं खाता येतीय." ते वाक्य आबांनी दुसऱ्या दिवशीही मिरवलं.

अडत होतं ते थापण्याशी. मी हात धरून शिकवलं, मोबाईलवर दाखवलं, तरी भाकरी मधे जाड नि कडेला फाटकी. एकदा ते परातीवर हात तसेच ठेवून डोळे मिटून बसले. मला वाटलं, आता रडतात. पण त्यांनी तोंडानं आवाज काढला. "थप थप थप थप... अन् मग बांगड्या गप हुयाच्या. मला वाटायचं, दमली. तवा ती भाकरी फिरवत असंल, न्हाई? खाली पीठ लावून?"

"हो," मी म्हटलं.

"पन्नास वर्सं समोर बसून जेवलो. बघितलं कधी न्हाई. ऐकलं मातर सगळं."

त्यांनी थापायला घेतलं. चार थापा, थांबणं, फिरवणं. पुन्हा चार थापा. भाकरी परातीत गोल फिरू लागली. आईच्या जाण्यानंतर मी रडले नव्हते. तेवढा वेळ कुठल्याच दिवसात ठेवला नव्हता. त्या दिवशी तव्यासमोर उभी राहून रडले. आबा म्हणाले, "मिरची भाजती काय शेजारी?" आणि भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

त्यांना गावी सोडायला गेले तेव्हा मी एकच कागद दिला, गोळ्यांचा. बाकी नियम तोंडी ठरवला: रोज सकाळी सात वाजता मी फोन करणार आणि आबांनी तो उचलायचा. शेळ्या शेजारच्या काकूंनी सांभाळल्या होत्या. शेळ्यांनी आबांना ओळखलं की नाही कोण जाणे, पण सदरा चघळायला तिघी एकदम धावल्या.

पहिल्याच सकाळी सात वाजता फोन नुसता वाजत राहिला. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. आत्याला सांगायचं, भावाला कळवायचं, गाडी काढायची, सगळं क्रमानं डोळ्यांपुढून सरकलं. काकूंना फोन केला. त्या कुंपणापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हायेत की धडधाकट. कवाची थपथप चाललीय आतून."

दहा मिनिटांनी आबांचा फोन आला. "हात पिठाचं हुतं, बाई. कशाला सारखी वाजिवतीस?"

"सातचं ठरलं होतं आपलं."

"सातला भाकरी असती. तू आठला करीत जा."

मी वहीत सातचे आठ केले.