ताईचं यंत्र आणि पंखांचं बी

ताई दुकानात शिरली ती प्रश्न घेऊनच. "पडलं तर फुटेल का?"

डोंगरात हिंडणाऱ्यांच्या सामानाचं ते दुकान होतं. भिंतीवर दोर, खाली बूट, मधल्या फळीवर विजेऱ्या. दुकानदाराने काचेवर दोन जीपीएस यंत्रं शेजारी शेजारी ठेवली होती. एक साधं, एक भारी. दोन्ही तळहातात मावतील एवढी.

"किती उंचीवरून पडणार?" त्याने विचारलं.

"झाडावरून. माझी सून चढते. आतापर्यंत दोन मोबाईल पाडलेत तिने."

"अहो आई, दुसरा मी पाडला नाही," सूनबाई म्हणाली. "तुम्ही खालून एवढ्या मोठ्याने हाक मारलीत की तो सुटला."

"म्हणजे माझ्यामुळे. लिहून घ्या दादा."

दुकानदार हसला आणि माहिती सांगू लागला. साध्याला पाच बटणं, दोन पेन्सिल सेल, काळा-पांढरा पडदा. जागेचे आकडे घातले की ते बाण दाखवतं आणि किती अंतर उरलं ते सांगतं. भारी यंत्रात रंगीत नकाशा, उंचीच्या रेषा, होकायंत्र, आणि ते जास्त उपग्रह पकडतं. ते बोटाने चालतं.

"ओल्या बोटाने?"

दुकानदार जरा घुटमळला. "पुसून घ्यायचं."

"काय पुसायचं? बोट की पाऊस?"

ताई माझी थोरली बहीण. वय अडुसष्ट. गेली एकतीस वर्षं ती सरकारी रोपवाटिकेसाठी जंगलातून बी गोळा करते. आधी भावोजी रोपांना पाणी घालायच्या कामावर होते. त्यांची पाठ धरली तेव्हा महिनाभर बदली म्हणून ताई गेली, आणि भावोजी बरे झाले तरी तिने काही जागा सोडली नाही. आता कुठल्या झाडाचं बी कधी पिकतं, कुठल्या झाडाने यंदा दडी मारली आहे, हे तिला पाठ आहे. सव्वादोनशे झाडं ती ओळखते, आणि त्यांची वाट तिच्या पायांना ठाऊक असते, डोक्याला नाही. घरात फडताळभर कागदी पिशव्या, त्यांवर तिचं वाकडं अक्षर. भावोजी म्हणतात, आमच्या स्वयंपाकघरात यातलं खायचं कुठलं आणि पेरायचं कुठलं, हे विचारूनच डबा उघडावा लागतो.

तिला यंत्राची गरज पडली ती एका झाडापायी. पांढऱ्या सालीचं, सरळसोट वाढणारं ते झाड सहा-सात वर्षांतून एकदाच फळतं. त्याच्या बोंडात पंखांचं बी असतं. बोंड उकललं की बी वाऱ्यावर जातं, मग हाती काही लागत नाही. रोपवाटिकेला माहीत असलेलं एकच म्हातारं झाड होतं, ते गेल्या वादळात आडवं झालं. पण चार महिन्यांपूर्वी पक्षी मोजणाऱ्या एका बाईंबरोबर डोंगरापलीकडे गेली असताना ताईला धुक्यात तसंच एक झाड फुललेलं दिसलं. वाट त्या बाईंची, ताई फक्त त्यांच्या मागून चाललेली. त्यांनी आपल्या यंत्रातले आकडे ताईच्या वहीत लिहून दिले, तेवढाच धागा. रोपवाटिकेच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा बी आलं नाही तर हे रोप यादीतून काढावं लागेल.

"पुढच्या वेळी ते फळेल तेव्हा मी पंचाहत्तरची असेन," ताई मला म्हणाली. "तेव्हा मला झाडाखाली नेऊन ठेवावं लागेल, आणि उचलूनही तुम्हालाच आणावं लागेल."

मॅडमनी एकाच यंत्राला मंजुरी दिली होती आणि कुठलं घ्यायचं ते ताईवर सोडलं होतं. ताईचं काही ठरेना. शेवटी दुकानदारच म्हणाला, "दोन्ही न्या. दोन दिवस वापरा, एक परत आणा."

माझा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे घरात काही बारीक यंत्र आलं की ते माझ्यापुढे ठेवतात. मी रात्री दोन्ही माहितीपुस्तिका वाचल्या. सकाळी ताईने साधं यंत्र गळ्यात अडकवलं आणि भारी माझ्या हातात दिलं.

"तू मागून ये. तुझं शहाणं यंत्र काय म्हणतंय ते बघत राहा."

रोपवाटिकेच्या जीपने आम्हाला रस्ता संपतो तिथे सोडलं. पुढे ताई, मध्ये पाठीवर दोरांचं वेटोळं आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलेली सूनबाई, मागे मी. ताईचा बाण सरळ समोर दाखवत होता. अंतर एक किलोमीटर नऊशे मीटर. तिला एवढंच हवं होतं. ती अशी सुटली की सूनबाई म्हणाली, "मामा, बाण यंत्रात आहे की आईंच्या पायात?"

एकदा ताई बुटाची नाडी बांधायला थांबली आणि ओरडली, "अरे, हे येडं झालं! बाण गरगर फिरतोय."

"ताई, ते चालतानाच दिशा सांगतं. आपण कुठून कुठे सरकलो त्यावरून ओळखतं. उभं राहिलं की त्याला काही समजत नाही. होकायंत्र या माझ्याकडच्यात आहे."

"म्हणजे माझ्याच जातीचं आहे. बसले की मलाही काही सुचत नाही." आणि ती निघाली. बाण लगेच सरळ झाला.

थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटायला लागल्या. रेषा दाट म्हणजे कडा, हे मी वाचलं होतं. पण आपलं वाचण्यात काही चुकलं असेल, असं मला वाटलं. "ताई, पुढे रेषा दाट आहेत," मी म्हणालो, पण ते बहुतेक माझं मलाच ऐकू गेलं. ताई वीस पावलं पुढे होती. मग ती एकदम थबकली. समोर घळ होती, उभी, खाली पाण्याचा आवाज. बाण मात्र बिनधास्त पलीकडे दाखवत होता.

"हे तुला दिसत होतं?"

"हो."

"मग ओरडायला काय पैसे पडतात?"

नकाशात वरच्या बाजूला रेषा विरळ होत होत्या. तिकडून वळसा घातला, तासभर गेला. ऊन चढायला लागलं तशी ताईने पाय आणखी उचलला. उन्हाने बोंडं उकलतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

जंगल दाट झालं. वर पानांचं छत, आकाशाचे नुसते तुकडे. एका जागी माझं यंत्र म्हणालं, पोचलात. ताईचं म्हणालं, अजून अठ्ठावीस मीटर. आम्ही अठ्ठावीस मीटर गेलो. पांढऱ्या सालीचं झाड इथेही नाही, तिथेही नाही.

"एक म्हणतं आलं, एक म्हणतं अजून आहे," सूनबाई म्हणाली. "आमच्या सासू-सासऱ्यांसारखं."

मी समजावून सांगत होतो की पानांखाली उपग्रह नीट सापडत नाहीत, आणि त्या बाईंनी आकडे घेतले तेही असेच पानांखालीच, तर ताईचं लक्षच नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती. वाकली, आणि दोन बोटांत काहीतरी उचललं. बोटभर लांब, कागदासारखा पातळ तपकिरी पंख, टोकाला बी.

तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "इथेच आहे. पण उकलायला लागलंय."

तिने चिमूटभर कोरडी माती वरून सोडून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि वाऱ्यावर तोंड करून चालू लागली. एक पंख, मग तीन, मग दहा. दोनेक मिनिटांत ते झाड आमच्यासमोर होतं. चुन्यासारखी पांढरी साल, बाकीच्या झाडांना खाली टाकून वर गेलेलं. आणि वरून आवाज येत होता, टिक, टिक, टिक. बोंडं उकलत होती. जन्मभर टिकटिक ऐकली, पण असा अंगावर काटा कधी आला नव्हता.

"चढ!" ताई म्हणाली.

सूनबाईने दोरी फेकली, फांदीवरून घेतली, चढाईच्या पट्ट्यांचा साज अंगावर चढवला. वर उघड्यावर झाडाचे आकडे नीट मिळतील म्हणून साधं यंत्र ताईच्या गळ्यातल्या दोरीतून सोडवून तिने खिशात घातलं. बटणं हातमोज्यातूनही दाबता येतात, म्हणून तेच. बघता बघता ती पानांत दिसेनाशी झाली आणि मिटलेल्या बोंडांचे घोस खाली पडायला लागले. ताईने एक बी चाकूच्या पातीवर धरून आडवं कापलं. आत पोकळ. दुसरं कापलं, तेही पोचट. दहा कापली, त्यात एक भरलेलं निघालं.

ताई मुळांवर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"एकटं आहे रे हे. आसपास सोबतीला दुसरं झाड नाही, तर पराग येणार कुठून? नुसती टरफलं धरलीत. हे पेरून काय उगवणार?"

तेवढ्यात वरून हाक आली.

"आई! अजून आहेत! तसेच शेंडे, तांबूस बोंडं! दोन आहेत, दोन!"

ताई ताडकन उठली. "कुठे?"

"तिकडे!"

"तिकडे म्हणजे कुठे, अगं?"

"माझा हात बघा ना!"

"मला तुझे फक्त बूट दिसतायत!"

"थांबा, यंत्रात बघते... अहो, बाण नुसता फिरतोय!"

"चालल्याशिवाय नाही दाखवणार तो!"

"कुठे चालू आई? फांदीवरून?"

तेव्हा मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाही ठाऊक नव्हतं. "दोर खाली सोड! हे दुसरं वर घे!"

भारी यंत्र पिशवीत घालून दोराला बांधलं. पिशवी हेलकावे खात पानांत गेली.

"मामा, हे बोटाला दाद देत नाही!"

"हातमोजा काढ!"

"दातांनी काढते!" हातमोजा माझ्या डोक्यावर येऊन पडला. "हां, आता चाललं. आता?"

"आडवं धर, पडदा आकाशाकडे. त्याची वरची बाजू त्या शेंड्यावर रोख. हलू नकोस. दिशेचा आकडा वाच!"

"दोनशे बारा! दुसऱ्याचा... दोनशे साठ! आणि मामा, इथे सगळेच्या सगळे उपग्रह आलेत, तीन मीटरच्या फरकाने जागा सांगतंय!"

"या झाडाची खूण करून ठेव! किती लांब वाटतात?"

"पहिलं चारशे पावलं असेल. दुसऱ्याचं सांगता येत नाही, मध्ये चढ आहे."

ती खाली उतरेपर्यंत ताई तीनदा निघाली आणि तीनदा परत आली. मग मी होकायंत्रावर दोनशे बारा धरलं आणि ताई पुढे चालू लागली. झाडांना वळसा घालताना ती बाजूला सरकायची आणि मी ओरडायचो, "डावीकडे! अजून डावीकडे! आता सरळ!" दरडावल्यासारखं बोलत होतो. थोरल्या बहिणीला. तिने मुकाट्याने ऐकलं, एकदाच मागे वळून म्हणाली, "कोणाचा आवाज आहे हा?"

चारशे तीस पावलं झाली तेव्हा झाडीतून पांढरी साल दिसली. हे झाड उताराच्या सावलीच्या बाजूला होतं. अजून टिकटिक नव्हती, एकही बोंड उकललं नव्हतं. सूनबाई धापा टाकत चढली आणि पहिला घोस खाली आला.

ताईने बी कापलं. आत पांढराशुभ्र गर, काठोकाठ.

तिने ते मला दाखवलं. दुसरं कापलं, भरलेलं. तिसरं भरलेलं. दहांपैकी नऊ. मग तिने मान वर करून अशी आरोळी ठोकली की दोन पक्षी उडाले. "भरलंय गं! काढ! सगळं काढ! मोबाईल असेल तर तोही टाक!"

दोन कापडी पोती भरली. सूनबाई खाली उतरून पाय पसरून बसली, हात खरचटलेले, केसांत साल. ताईने गळ्यातली रिकामी दोरी काढून माझ्याकडे दिली. "ते साधं दुकानात परत देऊन टाक. गुणी आहे, पण माझ्यासारखी एकजण पुरे. सूनबाईला वर बसून दिशा सांगणारं हवं. नकाशा तू शिकव तिला. तोंड उघडून."

"तिसरं उद्या बघू आई," सूनबाई म्हणाली. "दोनशे साठ. कुठे पळून जात नाही ते."

"झाड नाही पळत. बी पळतं." ताईने सूर्याकडे पाहिलं. अजून तीन तास होते. पोती तिने तिथेच झाडाला बांधली. आधी पहिल्या झाडाच्या खुणेपाशी परत जायचं होतं, दोनशे साठची दिशा तिथूनच धरायची होती. सूनबाईला म्हणाली, "तू बस घटकाभर, पाणी पी, मग पोत्यांपाशीच थांब. दिसलं की हाक मारते. माझी हाक तर तुला ऐकू येतेच."

मग माझ्या हातातल्या यंत्राकडे बोट करून म्हणाली, "सांग. आधी कुठे?"

मी सांगितलं. ती निघालीसुद्धा होती.