पाव ट्यूब

निघोज्यातल्या ज्योतीराम शेवाळे यांनी कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली. लेबल नसलेला डबा कधी आत घेतला नाही.

त्यांच्या चिंगी मांजरीला पिसवा झाल्या. बघता बघता गोधड्यांत, सोफ्याच्या फटींत शिरल्या. माणसांच्या घोट्यांवर पुळ्या उठल्या. त्यांच्या पत्नी यशोदाबाई चिंगीला मांडीवर घेऊन बारीक फणीनं पिसवा काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

"आंथरुणं गरम पाण्यात धुवू, उन्हात टाकू. जातील पंधरा दिसांत," त्या म्हणाल्या.

"आणि रविवारी योगिनी येतेय तिचं काय?" ज्योतीराम म्हणाले. " नातीला चावल्या तर सूनबाई परत पाठवेल का तिला?"

शेजारचा युनूस मेकॅनिक हसला. "काका, फणीनं काय होतंय! आमच्या शेरूच्या मानेवर औषधाची ट्यूब सोडली, पिसवा खल्लास. एक उरलीय, घ्या."

"खोकं कुठाय?"

"फेकलं की राव!"

शेरू कुत्रा सोळा किलोचा. चिंगीला पिशवीत घालून वाण्याच्या काट्यावर तोललं, चार किलो भरली. म्हणजे पाव ट्यूब. ज्योतीराम यांनी थेंब मोजून तिच्या मानेवर सोडले.

दुपारी चिंगी थरथरू लागली. संध्याकाळी पाय ताठले, तोंडाला फेस आला. चाकणला जनावरांच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहिली. "हे कुत्र्याचं आहे. मांजराला विषच."

"पण मी वजनाप्रमाणे पावच..."

"काका, थोडंसुद्धा चालत नाही."

ज्योतीराम यांनी चार आणि सोळा किलोंचा हिशेब पुन्हा समजावून सांगितला. डॉक्टरांनी तो ऐकून घेतला आणि सलाईन लावलं. सकाळी चिंगी गेली.

परतताना यशोदाबाई स्कूटरवर मागं बसल्या. मग म्हणाल्या, "बिनखोक्याचा माल कंपनीत घेतला असता का तुमी?"

घरी येऊन ज्योतीराम यांनी मुलाला ताथवड्याला फोन लावला. घरात पिसवा झाल्यात, योगिनीला पंधरा दिवसांनी आण, म्हणाले. मुलगा 'बरं' म्हणाला. बास, एवढंच. हा फोन आधीही करता आला असता.

मग गोधड्या त्यांनीच उकळत्या पाण्यात घातल्या, फरशीच्या फटी घासल्या, सोफा उन्हात काढला. रोज.

पंधरा दिवसांनी योगिनी आली तेव्हा घरात एकही पिसू नव्हती. चप्पल काढता काढताच तिनं हाक मारली, "चिंगेऽ! आजी, चिंगी कुठाय?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि पाणी आणायला आत निघून गेल्या.