बीडात धरायचं गाव

वडवणीजवळच्या आमच्या गावात माझ्याइतका हुशार माणूस न्हाई. म्हणूनच चाळिशी आली तरी मला कुणी पोरगी दिली न्हाई.

परवा फाट्यावर शिरगणतीचा माणूस बसलता. एस.टी. आली की आधी टोपी सारखी करायचा, मग वहीत रेघ ओढायचा. रोज कामाला बीडला जाणारे लई निघाले, तर गाव बीड शहराच्या आकड्यात धरत्यात, म्हणला. बोलताना हवेत पेन्सिल फिरवायचा, अन् गावं ढगावानी बीडाकडं सरकायल्यात असं वाटायचं. गाव शहरात धरलं की मी बी शहरवाला, मग पोरगी मिळंलच; मला सोयरीक दिसाया लागली. आकडा वाढावा म्हणून मी दिवसात तीनदा बीडला जाऊन आलो.

सांजच्याला इचारलं, "सायेब, मला तीनदा धरलं ना?"

तो म्हणला, "मी कामाला जाणारे मोजतोय. तुम्हाला एकदाही धरलं नाही."