गाळलेली आठ पानं

चाळिशी उलटल्यावर बी.ए. करायला निघालेल्या बाईला आमच्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. आता काऊन? आणि घरचं कोण पाहते? मी अमडापूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मुख्यसेविकेची जागा पदवीशिवाय मिळत नाही, आणि माझ्या वयाची अट पुढच्या वर्षी संपणार होती. म्हणून आता. घरचं म्हणाल तर घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, अशा दोघीच. माझे मिस्टर मागच्या हिवाळ्यात गेले. वावरातून आले, पाणी मागितलं, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बाकीचे विषय निघाले होते. राहिला होता एकच, वाचन आणि लेखनाचा, आणि तो सक्तीचा. त्याला लेखी परीक्षा नव्हती. एक पुस्तक गावातल्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, कोणत्या दिवशी किती पानं झाली त्याची नोंदवही ठेवायची, ऐकणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि शेवटी वाचलं त्याबद्दल आपल्या शब्दांत पंधरा पानं लिहायची. विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावरच्या पोरींना घाम फुटला. एवढं बसून ऐकणार कोण? मला मात्र हसू आलं. अहो, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याकडेच आहे. म्हटलं, विद्यापीठानं हा विषय माझ्यासाठीच काढलेला दिसतो!

विहारात पुढच्या रांगेत सात-आठ म्हाताऱ्या बसतात, आणि त्यांच्या मधोमध आत्याबाई. दिवसभर शेतात निंदणाला गेलेल्या, गुडघे धरून बसलेल्या, पण वाचताना एक ओळ सुटली की खाकरतात. वाचता एकीलाही येत नाही. ऐकून ऐकून ग्रंथ त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दोन महिने सुरळीत चाललं. मग ते प्रकरण आलं, मरणाचं. घरातलं माणूस जातं तेव्हा मागं राहिलेल्यांनी काय करावं, त्याचं. दरवर्षी मी ते घडाघडा वाचायची. त्या संध्याकाळी पान उलटलं, समोर आत्याबाईंचा चेहरा दिसला, आणि मी सरळ आठ पानं पुढं गेले. घरात आम्ही त्यांच्या मुलाचं नाव काढत नव्हतो. कोणी भेटायला आलं आणि आत्याबाई बोलायला लागल्या की मीच म्हणायची, "जाऊ द्या आत्याबाई, कायले जिवाले तरास करून घेता." मग विहारात चारचौघांत त्यांना रडवायचं कशाला? नवल म्हणजे त्या दिवशी कोणी खाकरलं नाही. नोंदवहीत मी ती आठही पानं वाचली असं लिहिलं आणि खाली सगळ्यांचे अंगठे घेतले. कोण पाहणार आहे!

पाहणारे निघाले. केंद्रावरच्या सरांनी वही उघडली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ताई, हे काय? सगळे अंगठेच?"

"म्हाताऱ्या बाया आहेत सर. सही कुठून आणू?"

"अहो, पण हे अंगठे एकाच माणसाचे नाहीत हे मी कसं ओळखू? मागच्या खेपेला एक बाई स्वतःच्याच दहा बोटांचे ठसे लावून घेऊन आल्या होत्या." माणूस वाईट नव्हता, पोळलेला होता. "तोंडी परीक्षेला ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी सोबत आणा. त्यांनी नीट सांगितलं तर पास. नाही तर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष माझ्याकडं होतं कुठं? असं डोकं फिरलं की बसस्टँडवर मी चहासुद्धा घेतला नाही. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, तर त्या माझ्याहून तापल्या.

"बाप्पा! माहा अंगठा बँकेत चालते, रेशनले चालते, अन् तुह्या कालेजात काऊन नाई चालत? चाल, मी येतो. पाहू दे मले कोन्ता सर हाय तं."

तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांनी पौर्णिमेला नेसतात ते पांढरं पातळ काढलं. ऑटोत मी त्यांना दोनदा पढवलं, "विचारलं तं म्हणजा, सगळं वाचलं." त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली. "आजी, सूनबाईंनी काय काय वाचलं, सांगता का?"

सांगता का? अहो, त्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कोण कुठं गेलं, कोणाला काय म्हणालं, सगळं क्रमानं. सर मान डोलवत ऐकत होते. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी पेन उचललं आणि सहज विचारलं, "म्हणजे पूर्ण पुस्तक वाचून झालं ना?"

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "आठ-धा पानं उडवली इनं. मरणाची."

"आत्याबाई!" मी ओरडलेच.

"वरडू नोको. खोटं बोलनार नाई म्हून रोज शील घेऊन राह्यलो आपुन, अन् इथं खुर्चीवर बसून खोटं बोलू?"

सरांनी वहीचं ते पान काढलं. "इथं तर वाचल्याची नोंद आहे, ताई."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि लाजेपेक्षा राग जास्त आला होता, खरं सांगते. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि या बाईनं एका शब्दात माझं वाटोळं केलं, हेच मनात आलं. मी कसंबसं म्हटलं, "सर, यांचा मुलगा गेला मागच्या वर्षी. माझे मिस्टर. यांना त्रास होऊ नये म्हणून..."

"मले काऊन तरास होईन?" आत्याबाईंचा आवाज चढला. "मी आखाडापासून त्याच पानाची वाट पाहून राह्यलती. घरात त्याचं नाव काढलं का हे म्हनते जाऊ द्या. शेजारीन म्हनते रडू नोका. म्हटलं, इहारात तं वाचीन हे. तिथं तं मले कोनी चूप बसवनार नाई. तं तेबी उडवलं, बाया माह्या तोंडाकडं पाहून खाकरल्या नाई, मी एकली कशी खाकरू? माहं पोरगं मेलं, गुरुजी. मी कोनापाशी बोलू?"

 वहीसोबत आणलेला ग्रंथ टेबलावर होता, तो सरांनी माझ्याकडं सरकवला.

"वाचा ताई. आत्ताच."

"सर, बाहेर रांग आहे."

"असू द्या."

मी वाचायला लागले. पहिलं पान निभावलं. दुसऱ्या पानावर मात्र ओळीवर बोट ठेवून मी थांबले. आत्याबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "थांबू नोको. वाच." आणि तेव्हा मला कळलं. ती पानं मी आत्याबाईंसाठी गाळलीच नव्हती. ती वाचायची माझीच छाती झाली नव्हती, आणि पुढं केलं होतं म्हातारीला. दहा महिने मी माझ्या भीतीपायी एका आईचं तोंड बंद ठेवलं होतं. मी रडत रडत आठही पानं वाचली. मधेच आत्याबाई थांबवायच्या आणि मुलाचं काहीबाही सांगायच्या, सर ऐकायचे, मग मी पुढं वाचायची.

संपल्यावर सरांनी जुनी नोंद खोडली आणि त्या दिवसाची तारीख टाकली. आत्याबाईंचा अंगठा घेतला आणि त्याच्याखाली ऐकणारा म्हणून स्वतःची सही केली. "खोट्या नोंदीचे गुण कापावे लागतील, ताई," ते म्हणाले. म्हटलं, कापा. काठावर का होईना, पास झाले. मुख्यसेविकेचा अर्ज भरलाय, यादी अजून लागायची आहे.

परतीच्या ऑटोत आत्याबाई अनोळखी बायांनाही मुलाच्या गोष्टी सांगत होत्या. तो पोहायला कुठं जायचा, शाळा कशी बुडवायचा. मी एकदाही जाऊ द्या म्हटलं नाही.

"त्याले मेथी तं बिलकूल चालत नव्हती," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातची खायचे," मी म्हटलं.

"तुह्या धाकानं खाये बापा तो!"

सगळा ऑटो हसला. मीही हसले, आणि हसता हसता वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या आईसमोर, मोठ्यानं.