दहा शून्यं

आमच्या दवाखान्यातल्या नर्सला सगळे फौजदारीण म्हणतात. सहा आठवड्यांच्या बाळाला लस द्यायला कुणी आलं, की ही आधी सोबतच्या माणसांना बाहेर काढते, दार लावते आणि बाळंतिणीला दहा प्रश्न विचारते. झोप लागते का, उगाच रडू येतं का, असे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. गुण जास्त तेवढी काळजी जास्त. मी शेजारच्या टेबलावर लशी देते.

तिच्या ड्रॉवरमध्ये तिच्या धाकट्या बहिणीचा फॉर्म आहे. दहा प्रश्न, दहा शून्यं, सगळी एका दमात ओढलेली. ते अक्षर आमच्या जुन्या मेट्रनचं. चहाआधी गठ्ठा पुढे घ्यायचा आणि कुणाला एका शब्दाने न विचारता शून्यं टाकत सुटायचं, अशी या बाईची पद्धत. मी तेव्हा इथेच होते. सगळं बघत होते आणि तोंडाला कुलूप लावून होते. हा फॉर्म भरल्याच्या आठव्या दिवशी त्या बहिणीने जीव दिला.

मेट्रन निवृत्त झाल्यावर फौजदारीण इथे लागली आणि रेकॉर्डच्या कपाटातून तिने हा कागद शोधून काढला. तेव्हापासून ती डूख धरून आहे. खोटं कशाला बोलू, मीही.

गेल्या मंगळवारी तीच मेट्रन मुलीला आणि नातवाला घेऊन आली.

"सिस्टर, हिला काही विचारत बसू नका. घरी सगळं छान आहे. शून्यं टाका आणि मोकळ्या व्हा."

फौजदारणीने पेन उचललं. टाक, मी मनात म्हटलं, कळू दे हिलाही. मुलगी बाळाकडे बघतसुद्धा नव्हती, नुसतं दुपट्याचं टोक पिळत होती.

"बाहेर बसा," फौजदारीण म्हणाली.

"अहो, मी इथली मेट्रन..."

"होतात. बाहेर बसा."

नऊ प्रश्नांना मुलगी तुटक तुटक बोलली. स्वतःचं बरंवाईट करावंसं वाटतं का, या दहाव्याला म्हणाली, "रोज." आणि ढसाढसा रडली. "आईला तुम्हीच सांगा. मी बोलले की ती म्हणते, नाटकं पुरेत."

मी डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा मेट्रन आत उभी होती. समोर दोन्ही फॉर्म. मुलीच्या फॉर्मवर दहावी जागा कोरी होती.

"ही माझी बहीण. हिला तुम्ही न विचारता शून्य दिलंत. तुमची मुलगी 'रोज' म्हणालीय. तिचे गुण तुमच्या हाताने लिहा."

"तेव्हा गर्दी फार असायची गं..."

"लिहा."

तिने तीन लिहिले. आकडा इतका वेडावाकडा आला, की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

मुलीचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले. दवाखाना बंद करताना मी म्हटलं, "आता तरी फाड तो कागद."

तिने तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"तिच्या मुलीला मी विचारलं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला तिने विचारलं नाही. तूही नाही."