दुकान सरकारमान्य, गिऱ्हाईक बेकायदा

दारूच्या केसेसचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते वर्दीला चिकटतात. वर्दी उतरवली तरी चार दोस्त चहाला बसले की निघतातच एकेक.

सत्तरनंतर दारूबंदी ढिली झाली, सरकारमान्य देशीची दुकानं उघडली. आम्हांला वाटलं, सुटलो! कसलं काय! विकायचं लायसन दुकानदाराला, पण पिणाऱ्याला परमिट लागायचं. ते कुणाकडंच नसायचं. मी तेव्हा शिरूरला हवालदार. वरून फोन आला की साहेब ओरडायचे, "केसेस आणा!" आणि आम्ही मुकाट दुकानाकडं निघायचो.

*

एकदा बाकावर बसलेला म्हातारा धरला. भांडण नाही, शिवी नाही. मिशी ओली, बस्स!

"आबा, चौकीत चला. दारू प्यालाय तुम्ही."

आबांनी दारावरच्या पाटीकडं बोट केलं. "सरकारमान्य देशी दारू, असंच लिवलंय न्हवं? मंग मी काय हितं ताक मागाया आलतो?"

मी पाटी वाचली. मग आबांना घेऊन गेलो. नोकरी!

*

धरलेल्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं. डॉक्टर तोंडाचा वास घेणार, डोळे बघणार, सरळ चालायला लावणार. बाजारच्या दिवशी तर रांगच लागायची. एकदा रांगेत शेवटी एक पायानं अधू गडी.

"सरळ चाल," डॉक्टर म्हणाले.

"न पिता तरी कुठं सरळ चालतुया, डाक्टर?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हवालदार, आता पुरे करा हो. वास घेऊन घेऊन मलाच झोकांड्या जायला लागल्यात!"

*

पुढं बदली झाली दौंडला. गाव बदललं, वास तोच.

यवतच्या एका धाब्यावर छापा टाकला. सगळे पळाले, एकजण टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेला. हलवून उठवला.

"प्यालास का?"

"न्हाई साहेब. यवतची यष्टी चुकली, म्हून बसलोय."

"अरे, हे यवतच हाय!"

"मंग कुठं चुकली? आलोच की!"

*

दौंडच्या दुकानाला आत एक खोली होती. तिथं एक बडे बागायतदार बसायचे, सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांकडं परमिट. तब्येतीला दारू लागते असं त्यांना डॉक्टरनंच लिहून दिलेलं! साहेब आत जाऊन त्यांना नमस्कार करायचे आणि बाहेर येऊन बाकावरच्या कांबळेला उचलायचे. कांबळे रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायचा.

एकदा तो म्हणाला, "साहेब, आप्पांचा आजार कागदावर हाय, म्हून ते आत. माझा पाठीत हाय. त्यो कुणाला दाखवू?"

साहेब माझ्याकडं वळले. "किती बोलतोय बघा! म्हणजे नक्की प्यालाय."

*

दौंडलाच सरूबाई म्हणून एक बाई होती. एकदा दुपारीच ठाण्यात आली. ओठ फाटलेला, पदरानं झाकलेला.

"दादा, आमच्या मालकास्नी दुकानातच धरा. घरी आल्यावर धरून काय उपेग?"

मी म्हणालो, "बाई, तिथं तो नुसता बसलेला असतो. कुणाला त्रास देत नाही."

"व्हय. तिथं न्हाई देत."

मी संध्याकाळी गेलो. तिचा नवरा गणपत कोपऱ्यात शांत बसला होता. काही न विचारता उठला, माझ्याबरोबर चालू लागला. ठाण्याच्या पायरीवर सरूबाई भाकरी बांधून घेऊन बसली होती. ती त्यानं घेतली आणि स्वतःच कोठडीत शिरला.

सकाळी कोर्टात उभा केला. सरूबाईही मागं येऊन बसली. मॅजिस्ट्रेटसाहेब आधीच असल्या केसेसना वैतागलेले.

"दुकानात दंगा केलास?"

"न्हाई."

"कुणाला मारलंस?"

"न्हाई, साहेब."

"मग तुला धरलं कशासाठी?"

गणपतनं मागं वळून बायकोकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"घरी जाणार व्हतो, साहेब."